सांध्याखालचा तडा

हेमचंद्र निरगुडकर रिटायर झाले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी पद्मजाताईंचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून टाकले, डिशवॉशर उघडून त्याचा पंप साफ केला आणि गराजच्या दाराला नवी स्प्रिंग बसवली. न्यू जर्सीतल्या कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. कुठल्या पत्र्याला आतून गंज चढलाय, कुठलं वेल्डिंग उद्या दगा देईल, हे शोधायची हाताला सवय. वेस्ट विंडसरच्या त्या घरात आता शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अहो, बाहेर काहीतरी बघा," पद्मजाताई म्हणाल्या. "नाहीतर मला वेड लागेल."

लायब्ररीतल्या बोर्डावरची जाहिरातही त्यांनीच पाहिली. नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत काही हौशी लोकांनी छोटं रेल्वे म्युझियम चालवलं होतं. त्यांना बॉयलरमधलं कळणारा माणूस हवा होता.

हेमचंद्र गेले ते कुतूहल म्हणून. म्युझियमचा प्रमुख डेल हा शाळेतून निवृत्त झालेला विज्ञानाचा मास्तर. मोठ्या पोटाचा, मोठ्याने हसणारा. त्याने शेडमागे नेऊन एका इंजिनावरची निळी ताडपत्री ओढून काढली.

बुटकं, लांबट, गंजून तांबडं झालेलं वाफेचं इंजिन. दहा छोटी चाकं एकमेकांना चिकटून बसलेली. वेगासाठी नव्हे, ओढण्यासाठी बनवलेलं, मालगाडीचं. आणि रूळ अडीच फुटी.

"नॅरोगेज," हेमचंद्र म्हणाले. त्यांचं लहानपण कुर्डुवाडीत गेलं होतं. तिथे बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांचे मामा फिटर होते. अगदी एवढ्याच रुंदीच्या रुळांवरून चालत ते शाळेत जात.

डेलने माहिती सांगितली. इंजिन शंभरेक वर्षांपूर्वी इथेच, फिलाडेल्फियात बनलं. बोटीने अर्जेंटिनाला गेलं आणि पार दक्षिणेला, पॅटागोनियातल्या एका प्रांतिक रेल्वेवर, खाणीतून बंदरापर्यंत कोळसा ओढत राहिलं. ती लाईन बंद पडल्यावर एका श्रीमंत अमेरिकन शौकिनाने ते विकत घेऊन परत आणलं. तो शौकीन वारला, मुलांना हे धूड नको होतं, म्हणून ते म्युझियमच्या पदरात पडलं.

"चालेल का हे, हेम?" डेलने विचारलं.

"बघायला लागेल," हेमचंद्र म्हणाले. पण घरी आले ते शर्टाला गंज लावून आणि शीळ घालत. पद्मजाताईंनी ती शीळ कित्येक वर्षांनी ऐकली होती.

ओस्वाल्दो आला तो त्याच उन्हाळ्यात. म्युझियमने इंजिनाचे फोटो फेसबुकवर टाकले होते. ते ग्रासिएला नावाच्या एका बाईने पाहिले आणि आपल्या वडिलांना दाखवले. ती ट्रेंटनच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तिकडे एकट्या पडलेल्या वडिलांना तिने अर्जेंटिनाहून आपल्याकडे आणलं होतं. एका शनिवारी ती त्यांना गाडीतून घेऊन आली. हडकुळा, सत्तरी उलटलेला माणूस, नाकाला ऑक्सिजनची नळी, हातात चाकावर ओढायचं छोटं यंत्र. खाणीच्या कोळशाने आणि तिथल्या वाऱ्याने फुप्फुसं खाल्ली होती.

तो कुणाशी न बोलता इंजिनाजवळ गेला. पुढे नंबरची पाटी नव्हतीच, कुणीतरी कधीच चोरली होती. त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीखाली हात घातला, चाचपलं आणि मुलीला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला.

"ते म्हणतायत, पायरी वाकली होती तेव्हा त्यांनी स्वतः तिला पट्टी मारली होती," ग्रासिएलाने सांगितलं. "ती पट्टी अजून आहे."

या इंजिनावर ओस्वाल्दो आधी फायरमन होता, मग लाईन बंद होईपर्यंत ड्रायव्हर. तिथले लोक इंजिनाला 'ला सोर्दा' म्हणत, म्हणजे बहिरी. कारण वाफ बंद केली तरी ती लगेच ऐकत नसे, आपल्याच तंद्रीत थोडी पुढे जाई.

पुढचे तीन उन्हाळे हेमचंद्र आणि ओस्वाल्दो शनिवार-रविवारी एकत्र असत. ओस्वाल्दोला कष्टाचं काम जमत नसे. तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसे, पितळेचे भाग पुसे आणि मोडक्या इंग्रजीत सूचना देई. पद्मजाताई डब्यात पोळी-भाजी जास्तच देत. ओस्वाल्दोला वांग्याचं भरीत फार आवडायचं. तो आपल्या दुधीच्या पेल्यात माते, म्हणजे तिकडचा कडू हिरवा चहा, करी आणि तो ओढायची धातूची नळी हेमचंद्रांच्या पुढे करी. पहिल्या वेळी हेमचंद्रांनी नळी रुमालाने पुसली. ओस्वाल्दो इतका हसला की त्याला धाप लागली. नंतर त्यांनी कधी पुसली नाही.

तो वाऱ्याबद्दल बोलायचा. तिथला वारा रिकामे वॅगन रुळांवरून उचलून आडवे करायचा. हिवाळ्यात पाण्याच्या टाकीखाली शेकोटी पेटवून पाणी वितळवायचं. एवढी कोळशाची गाडी ओढत चढ चढताना माणूस इंजिनाशी बोलायला लागतो.

"आणि बंद का झाली लाईन?" एकदा हेमचंद्रांनी विचारलं.

"राजधानीतून एक इंजिनियर आला," ओस्वाल्दो म्हणाला. "चांगला माणूस होता. आमच्याबरोबर जेवला. मग त्याने लिहिलं की ही लाईन चालवण्यासारखी नाही. बरोबरच होतं त्याचं. पण त्यानंतर गावात माणसं उरली नाहीत. दोन्ही बेकऱ्या बंद झाल्या. माझी बायको माहेरी जाते म्हणाली आणि तिथेच राहिली." त्याने हातातलं पितळ पुन्हा पुसायला घेतलं. "मला एकदा तिला चालवायचंय, हेम. वाफेवर. फार लांब नाही. त्या खाणीच्या टोकापर्यंत आणि परत."

"चालवशील," हेमचंद्र म्हणाले.

तिसऱ्या उन्हाळ्यात डेल एक बातमी घेऊन आला. खाणीची जमीन मालक विकत होता. आसपास सगळीकडे उभी राहत होती तशी गोदामं तिथे होणार होती. काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेची, मंडळी म्युझियमला दुसरी जागा द्यायला तयार नव्हती. मात्र ऑक्टोबरात त्यातले दोघे-तिघे बघायला येणार होते.

"गंजलेल्या लोखंडाला जागा कोण देतं?" डेल म्हणाला. "पण चालतं वाफेचं इंजिन, धूर, शिट्टी, डब्यात पोरं... ते बघून माणूस विरघळतो. हेम, हा एकच चान्स आहे आपला."

बॉयलर पास करायचा तो राज्याचा इन्स्पेक्टर. पण तो हेमचंद्रांना कित्येक वर्षं ओळखत होता. त्यांनी आतून-बाहेरून तपासून रिपोर्ट दिला की तो वरवर बघून सही करणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

पत्र्याची जाडी हेमचंद्रांनी जागोजागी मोजली. ती ठीक होती. नळ्या नव्या घातल्या होत्या. भट्टी चांगली होती. राहता राहिला बॉयलरच्या अंगावरचा लांब सांधा. तिथे दोन पत्रे एकत्र आणून वर जाड पट्टी रिव्हेटने ठोकली होती. पट्टीखालचं बाहेरून दिसत नाही आणि कुणी बघतही नाही. पण ओस्वाल्दोने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की तिथल्या विहिरींचं पाणी फार खारं, त्यात ते सोड्यासारखं काहीतरी टाकायचे. ते ऐकल्यापासून हेमचंद्रांच्या मनात खुटखुट होती. असं पाणी रिव्हेटच्या फटीत झिरपतं, आटतं, पुन्हा झिरपतं आणि पोलादाला आतून ठिसूळ करतं. त्यांनी डेलला पट्टीच्या एका टोकाचे रिव्हेट काढायला लावले.

"जिथे दुखत नाही तिथे कशाला कापतोस?" डेल कुरकुरला, पण काढून दिले.

मग आठवड्यातल्या एका दिवशी, शेडमध्ये कुणी नसताना, हेमचंद्र एकटेच गेले. पत्रा घासून लख्ख केला, त्यावर लाल रंगाचं औषध लावलं, ते मुरू दिलं, पुसलं आणि वर पांढरी पावडर फवारली. तडा असेल तर लाल रंग पांढऱ्यात वर येतो. ते बाकावर बसून वाट बघत राहिले. आधी काहीच दिसलं नाही. मग रिव्हेटच्या एका भोकाच्या कडेला केसासारखी रेघ उमटली. ती वाकडीतिकडी दुसऱ्या भोकाकडे गेली, तिथून तिसऱ्याकडे, आणि उरलेल्या पट्टीच्या खाली शिरली.

त्यांनी सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

दुपारी घरी आले तेव्हा पद्मजाताई मेथी निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

"दुरुस्त नाही का होत?"

"पूर्ण नवा बॉयलर बनवावा लागेल. आख्खं म्युझियम विकलं तरी नाही जमायचं."

"पण तुम्ही ती पट्टी उघडली नसती, तर कुणाला कळलं असतं?"

"नाही. कुणालाच नाही."

पद्मजाताई काही वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिल्या. "एकदाच चालवायचंय ना त्याला? अगदी कमी प्रेशरवर?"

"पद्मजा, हा तडा प्रेशर विचारून जात नाही. आज जाईल, नाहीतर दहा वर्षं जाणार नाही. गेला तर वर उभा असलेला माणूस शिल्लक राहत नाही. आणि डेल मागे डब्यांत पोरं बसवणार आहे."

"मग सांगायलाच हवं," त्या म्हणाल्या. "पण ओस्वाल्दोला आधी सांगा. मी येते तुमच्याबरोबर."

ग्रासिएलाच्या अपार्टमेंटच्या छोट्या बाल्कनीत ते बसले. ओस्वाल्दोचं ऑक्सिजनचं यंत्र शेजारी घरघरत होतं. त्या उन्हाळ्यात तो बराच खंगला होता. हेमचंद्रांनी फोनवर फोटो दाखवला. ओस्वाल्दोने चष्मा लावून तो लांबून आणि जवळून पाहिला.

"जुना आहे हा तडा?" त्याने विचारलं.

"खूप जुना. तुमच्याकडच्या पाण्याने झालाय."

"म्हणजे मी चालवत होतो तेव्हाही होता."

"बहुतेक होता."

"मग मी इतकी वर्षं यावरच बसून आलो." ओस्वाल्दोच्या चेहऱ्यावर काहीसं हसू आलं. "हेम, मग अजून एक दिवस. मी एकटा चढतो. कुणाला जवळ येऊ देऊ नका. डबे नकोत, पोरं नकोत. पहाटे, तुम्ही सगळे रस्त्यापलीकडे उभे राहा."

"नाही."

"मी तसाही हिवाळा काढत नाही. विचार हिला."

ग्रासिएला दारात उभी होती. तिने ते खोडून काढलं नाही, यंत्राची नळी तेवढी सरळ केली.

"मी ते पेटवू देऊ शकत नाही," हेमचंद्र म्हणाले. "तुला काही झालं तर..."

"मला काय व्हायचं राहिलंय?" ओस्वाल्दो म्हणाला. त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तो राजधानीतला माणूसही असाच समोर बसला होता. असाच. हात मांडीवर ठेवून."

हेमचंद्रांनी मांडीवरचे हात उचलले आणि त्यांना ते कुठे ठेवावेत कळेना.

डेल चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फोटो पाहिला, पांढऱ्यावरच्या लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि शेडमध्ये जाऊन बराच वेळ बाहेर आलाच नाही. इन्स्पेक्टरने रिपोर्ट वाचून बॉयलर बाद केला. ऑक्टोबरातली ती भेट कॅन्सल झाली नाही, पण काउंटीचा एकच माणूस आला. त्याने म्युझियमच्या एका डिझेल इंजिनाचा फोटो काढला, कॉफी घेतली आणि निघून गेला.

हेमचंद्रांना मात्र काहीतरी करायचंच होतं. इंजिनाचे सिलिंडर दाबलेल्या हवेवरही चालतात, हे त्यांना माहीत होतं. बॉयलर पूर्ण वगळून हवा थेट सिलिंडरला द्यायची. धोका नाही. रस्त्याची कामं करणाऱ्या डेलच्या पुतण्याकडून त्यांनी मोठा कॉम्प्रेसर आणवला, पाइप जोडले, दोन शनिवार खपून सगळं बसवलं. ओस्वाल्दोला फोन केला. पाइप कुठे जोडलाय ते त्याने दोनदा विचारलं. मग तो येतो म्हणाला.

नोव्हेंबरातला कोरडा, थंड दिवस होता. ग्रासिएला आणि डेलने ओस्वाल्दोला दोन्ही बाजूंनी धरून इंजिनावर चढवलं. त्याने डोक्यावर जुनी टोपी घातली होती. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, हात पुढे केला आणि सवयीने भट्टीच्या दाराकडे पाहिलं. आत अंधार होता.

कॉम्प्रेसर सुरू झाला. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना. ओस्वाल्दोने दांडा ओढला. चाकांनी कुरकुर केली, सळया हलल्या आणि इंजिन सरकलं. रबरी पाइप रुळांशेजारून फरफटत गेला. खोलीभर अंतर, मग अजून थोडं. पद्मजाताईंनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि ओस्वाल्दोचा चेहरा बघून खाली घेतले.

तो दांडा मागे ढकलून बसून राहिला. इंजिन लगेच थांबलं. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर त्याने पितळेच्या पाइपाला हात लावला आणि काढून घेतला.

हेमचंद्र पायरीवर चढले. "कसं वाटलं?"

"थंड आहे," ओस्वाल्दो म्हणाला.

"हो, हवा आहे ना, वाफ नाही, त्यामुळे..."

"मेलेल्या माणसाचा हात धरून हलवावा तसं वाटलं." त्याने टोपी काढली. "तू हे चांगल्या मनाने केलंस, हेम. पण हे नको होतं करायला. आत्तापर्यंत माझ्या डोक्यात ती चालू होती."

त्याला उतरवायला चढवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. गाडीत बसताना त्याने पद्मजाताईंचा हात हातात घेतला, हेमचंद्रांकडे पाहून मान हलवली. त्यानंतर तो शेडवर आला नाही.

जमिनीचा ताबा द्यायची वेळ आली. डिझेल इंजिनं आणि वॅगन दुसऱ्या म्युझियमांनी नेली. त्या अडीच फुटी इंजिनाला कुठेच रूळ नव्हते. डेलने कोलोराडोपर्यंत फोन केले. बॉयलर बाद आहे म्हटल्यावर लोक नम्रपणे विषय बदलत. शेवटी भंगारवाला आला.

हेमचंद्र गेले. पद्मजाताईंनी नको म्हटलं होतं, तरी गेले. गॅसकटर चालवणारा तरुण कामात तरबेज होता. सकाळीच त्याने टपाचा भाग वेगळा केला. हेमचंद्रांनी त्याला सांध्याचा भाग सावकाश कापायला सांगितला. पट्टी सुटून पडली आणि पत्रा त्यांनी उताणा करून पाहिला. तडा पट्टीखाली संपूर्ण लांबीभर गेला होता. काही ठिकाणी पत्रा आरपार फाटायला नखाएवढंच पोलाद राहिलं होतं.

ते बरोबर होते. त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त बरोबर होते. जळलेल्या रंगाच्या वासात उभं राहून ते काहीतरी हलकं वाटायची वाट पाहत राहिले. तसं काही वाटलं नाही.

रात्री सनीव्हेलहून मुलीचा, अनयाचा, फोन आला. "बाबा, यू डिड द राइट थिंग," ती म्हणाली. "पीपल वुड हॅव डाइड."

"हो," ते म्हणाले. "खरंय."

जानेवारीत ओस्वाल्दोला हॉस्पिटलमध्ये ठेवल्याचं ग्रासिएलाने कळवलं. हेमचंद्र एकटेच गेले. कापलेल्या सांध्याचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. दाखवायचा नाही असं ठरवून गेले होते, पण पलंगाशेजारी बसल्यावर त्यांना राहवलं नाही. ओस्वाल्दोच्या तोंडावर मास्क होता. त्याने फोटोकडे पाहिलं आणि मास्क थोडा वर उचलला.

"तू बरोबर होतास, हे मला त्या दिवशी बाल्कनीतच कळलं होतं," तो म्हणाला. एकेका शब्दाला दम लागत होता. "मी ते विचारलंच नव्हतं."

हेमचंद्रांनी फोन खिशात ठेवला. त्यांना म्हणायचं होतं की तू काय मागत होतास ते माझ्या लक्षात आलं होतं, पहिल्या क्षणापासून आलं होतं, आणि तरीही माझ्याने झालं नसतं. इंग्रजीत ते वाक्य जुळेना. मराठीत तरी जुळलं असतं की नाही कोण जाणे. ओस्वाल्दोने डोळे मिटले. नर्स आत येईपर्यंत ते बसून राहिले.

तो त्याच आठवड्यात गेला. चर्चमध्ये मोजकीच माणसं होती, बहुतेक ग्रासिएलाच्या कामावरची. प्रार्थना स्पॅनिशमध्ये होती. ग्रासिएला पद्मजाताईंच्या गळ्यात पडून रडली. हेमचंद्रांशी तिने हात मिळवला, आल्याबद्दल आभार मानले आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. राख वडिलांच्या गावी नेणार का, असं पद्मजाताईंनी विचारलं. तिथे आता कुणी नाही, ती म्हणाली, आणि जायला बसही रोजची नाही. बघू.

मार्चमध्ये डेलचा फोन आला. मेरीलँडमध्ये एका म्युझियमकडे छोटं वाफेचं इंजिन आहे, बॉयलर वरून तरी उत्तम दिसतोय, तपासायला कुणी मिळत नाही, असं तो सांगत होता. पूर्वीसारखा मोठ्याने हसायचा त्याने प्रयत्न केला.

"दुसरं कुणीतरी बघा," हेमचंद्र म्हणाले.

"नुसतं बघून तरी ये, हेम."

"मी बघितलं तर मला सापडेल," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पद्मजाताई हॉलमधून ऐकत होत्या. त्या आत आल्या. बाहेर शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच लॉन कापायचं मशीन काढलं होतं आणि ते सुरू होत नव्हतं. दोरी ओढल्याचा आवाज येत राहिला. हेमचंद्रांना त्यात काय बिघडलंय ते आवाजावरून कळत होतं. ते उठले नाहीत.